मूल कोणाचे? बालशिक्षणाविषयीच्या ख्रिस्ती दृष्टीचा चिकित्सक परिचय

प्रस्तावना

अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात कोमेनियस आणि फ्रोबेल ही नावे नेमाने येतात. चित्रांच्या साहाय्याने शिकवावे, सोप्याकडून कठिणाकडे जावे, खेळातून शिक्षण द्यावे, ही सूत्रे विद्यार्थी-शिक्षक पाठ करतात आणि आपल्या पाठटाचणांत उतरवितात. मात्र ज्या बालकविषयक धारणेतून ही सूत्रे निर्माण झाली, ती धारणा बहुधा वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहते. कोमेनियस हा धर्मगुरू होता. फ्रोबेल हा धर्मोपदेशकाचा मुलगा होता. दोघांनीही आपली अध्यापनपद्धती आपल्या श्रद्धेपासून वेगळी काढून मांडलेली नाही. मूळ धारणा वगळून केवळ पद्धती स्वीकारली, की ती पद्धती एक कृती म्हणून उरते आणि तिच्यामागील प्रश्न हरवतो.

हा प्रश्न असा, की मूल कोणाचे? आईवडिलांचे, समाजाचे, राज्याचे, की शाळेचे? ख्रिस्ती शिक्षणविचाराने या प्रश्नाला दिलेले उत्तर, त्या उत्तरातून निष्पन्न झालेली अध्यापनदृष्टी आणि त्याच उत्तराच्या विपर्यासातून घडलेले अन्याय यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हेतू कोणत्याही धर्माचा पुरस्कार वा खंडन करण्याचा नसून, एका महत्त्वाच्या विचारपरंपरेची चिकित्सा करण्याचा आहे.

शास्त्रातील दोन सूर

ख्रिस्ती दृष्टीचा पहिला आधार म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातील कल्पना. मनुष्य हा देवाचे प्रतिरूप म्हणून निर्माण झाला आहे, असे तेथे सांगितले आहे. ही प्रतिष्ठा वय, लिंग, कुळ वा बुद्धी यांवर अवलंबून नाही. म्हणजेच मूल हे 'पुढे माणूस होणार' असे नसून ते आजच पूर्ण अर्थाने माणूस आहे. शुभवर्तमानांत येशूजवळ मुलांना आणणाऱ्यांना शिष्य अडवितात, तेव्हा तो शिष्यांवर रागावतो आणि मुलांना जवळ घेतो, असा प्रसंग मार्कने वर्णिला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर मूलच मोठ्यांपुढे आदर्श म्हणून उभे केले आहे. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याकडून काही शिकावे, ही अपेक्षा येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे धर्मविचाराच्या केंद्रस्थानी येते.

याच शास्त्रात दुसराही सूर आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात छडी आवरणारा बाप मुलाचा हितकर्ता ठरत नाही. मूळ पापाच्या सिद्धान्तानुसार बालकाचे मनही निष्कलंक नसते. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात, दूध पिणाऱ्या अर्भकातही मत्सर दिसतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. पण त्याच आत्मकथनात त्याने शाळेतील माराचेही वर्णन केले आहे. मार चुकावा म्हणून तो लहानपणी देवाची प्रार्थना करीत असे आणि मोठी माणसे त्या माराला हसत असत. भाषा शिकण्यासाठी भीतीपेक्षा मुक्त कुतूहल अधिक उपयोगी पडते, असा निष्कर्षही त्याने तेथे काढला आहे. एकाच लेखकाच्या मनात हे दोन सूर एकत्र नांदत होते, ही बाब लक्षणीय आहे.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात या दोहोंमधील समन्वय सापडतो. तेथे मुलांना आज्ञापालन सांगितले आहे. परंतु लगेचच पित्यांनाही मुलांना चिडीस न आणण्याविषयी बजावले आहे. वडीलधाऱ्यांच्या अधिकाराला मर्यादा आहे आणि ती मर्यादा मुलाच्या मनाच्या दिशेने आखलेली आहे, हा या उपदेशाचा गाभा होय.

या सर्वांतून जे उत्तर हाती येते ते असे : मूल देवाचे आहे, म्हणून ते कोणाही माणसाच्या मालकीचे नाही. आईवडील आणि शिक्षक यांच्याकडे ते ठेव म्हणून सोपविलेले असते. मराठी मनाला 'ठेव' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ठेव जपावयाची असते, वाढवावयाची असते. पण ती आपली म्हणून खर्चावयाची नसते.

कोमेनियस : अपवाद न करणारी शाळा

या धारणेचे शिक्षणशास्त्रात रूपांतर करण्याचे श्रेय प्रामुख्याने यान आमोस कोमेनियस याच्याकडे जाते. २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हियात जन्मलेला हा विचारवंत बालपणीच पोरका झाला. पुढे तो बोहेमियन बंधुसंघाचा धर्मगुरू झाला. तीस वर्षांच्या युद्धकाळातील धार्मिक छळामुळे त्याला मायदेश सोडावा लागला. साथीच्या रोगात त्याची पत्नी आणि दोन मुले दगावली. १६२८ मध्ये तो पोलंडमधील लेश्नो येथे आश्रयास गेला. १६५६ मध्ये ते नगर जळाले, तेव्हा त्याची अनेक हस्तलिखिते नष्ट झाली. १६७० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे परक्या भूमीवरच त्याचे निधन झाले. ज्याला स्वतःला स्थिर घर लाभले नाही, त्याने सर्व मुलांसाठी शाळेची कल्पना मांडली, हे त्याच्या विचारांचे मोल वाढविणारे आहे.

'महान अध्यापनशास्त्र' या नावाने ओळखला जाणारा त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये १६५७ साली प्रसिद्ध झाला. श्रीमंत-गरीब, मुलगे-मुली, नागर-ग्रामीण, सर्वांना शाळा हवी, असे प्रतिपादन त्याने त्यात केले. यामागील युक्तिवाद उपयुक्ततेचा नाही. देशाला कारकून हवेत, म्हणून मुलांना शिकवा, असे तो म्हणत नाही. माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाचे अंतिम प्रयोजन एकच असल्याने कोणालाही वगळण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे तो म्हणतो. मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या मुलांविषयीचे त्याचे मतही याच सूत्रातून येते : ज्याची गती कमी, त्याला मदतीची गरज अधिक.

शिक्षणाचे त्याने सहा-सहा वर्षांचे चार टप्पे कल्पिले. पहिली सहा वर्षे आईच्या मांडीवरील शाळा, नंतर मातृभाषेची शाळा, त्यानंतर लॅटिन शाळा आणि शेवटी विद्यापीठ. लॅटिन हीच ज्ञानाची भाषा मानली जाण्याच्या काळात सहा ते बारा वर्षांच्या सर्व मुलांना मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह हा धाडसाचा होता. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मातृभाषेच्या शाळा ओस पडताना पाहणाऱ्या आजच्या महाराष्ट्रातील अध्यापकास या आग्रहाचे महत्त्व सहज पटेल.

शिक्षेविषयीचे त्याचे विवेचनही मननीय आहे. मूल शिकत नसेल तर दोष बहुतांशी शिकविणाऱ्याच्या पद्धतीत असतो. म्हणून अभ्यासासाठी मारू नये, असे त्याचे मत होते. वाद्य बेसूर झाले तर वादक त्यावर ठोसे मारीत नाही, तारा जुळवितो, या आशयाचा दृष्टान्त त्याने दिला आहे. मात्र नैतिक गैरवर्तनासाठी कठोर शिस्त त्याने नाकारलेली नाही. १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झालेले त्याचे 'ऑर्बिस पिक्टस' हे सचित्र पुस्तक याच सौम्य दृष्टीचे फळ होय. शब्दाआधी वस्तू, आणि वस्तू समोर नसेल तर तिचे चित्र, हा क्रम त्याने त्यात राखला. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया या देशांत त्याचा जन्मदिवस शिक्षकदिन म्हणून पाळला जातो.

खेळाविषयीचा संशय आणि विश्वास

मूल ही ठेव आहे, हे मान्य केल्यावरही ती जपावी कशी याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत एकवाक्यता नव्हती. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४८ मध्ये इंग्लंडमधील किंग्जवुड येथे शाळा उघडली. तेथे मुलांना पहाटे चारला उठावे लागे. खेळाला वाव नव्हता आणि सुट्ट्याही नव्हत्या. लहानपणी खेळणारा मोठेपणीही खेळतच राहील, अशी त्यामागील भीती होती. हा निष्काळजीपणा नव्हता. आत्म्याच्या अतिकाळजीतून आलेला हा कडकपणा होता.

याउलट जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. सर्व सृष्टीत एकच दैवी तत्त्व वसते आणि ते बालकाच्या ठिकाणी खेळातून प्रकट होते, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या दृष्टीने खेळ हा अभ्यासातील विसावा नसून बालवयातील सर्वांत गंभीर कार्य होते. ही श्रद्धा तत्कालीन सत्तेला मानवली नाही. १८५१ मध्ये प्रशियाच्या शासनाने बालोद्यानांवर नास्तिकतेचा ठपका ठेवून बंदी घातली. ज्याने खेळात देव पाहिला, त्यालाच नास्तिक ठरविले गेले, ही इतिहासातील विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

इटलीतील तूरिन शहरात १८४१ पासून बेवारस आणि कामकरी मुलांत कार्य करणारे डॉन बॉस्को यांनी या दोन टोकांमधील मार्ग दाखविला. चूक घडल्यावर दडपणारी पद्धती आणि चूक घडू नये म्हणून सोबत राहणारी पद्धती, असा भेद त्यांनी १८७७ मधील आपल्या टिपणात केला. विवेक, धर्म आणि वात्सल्य ही दुसऱ्या पद्धतीची त्रिसूत्री होय. त्यांच्या मते मुलावर केवळ प्रेम असून भागत नाही. ते प्रेम मुलाला जाणवले पाहिजे.

ठेवीचा अपहार

येथपर्यंतचे विवेचन वाचून ख्रिस्ती दृष्टी ही केवळ वात्सल्याची परंपरा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो अपुरा ठरेल. 'मूल देवाचे' या उत्तरात एक धोका दडलेला आहे. मूल देवाचे, आणि देवाची इच्छा आम्हास ठाऊक. म्हणून मूल आमचे, असा तर्क करणे अवघड नसते. विश्वस्त नकळत मालक होतो.

कॅनडातील निवासी शाळा हे याचे सर्वांत विदारक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून शासनाच्या पैशावर आणि बहुतांशी ख्रिस्ती चर्चसंस्थांच्या व्यवस्थापनाखाली या शाळा चालविल्या गेल्या. आदिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून तेथे ठेवले जाई. मातृभाषा बोलण्यास मज्जाव असे. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. हजारो मुले तेथेच मृत्यू पावली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मधील आपल्या अहवालात या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशविच्छेद म्हटले. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन या शाळांतील ख्रिस्ती लोकांच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली.

कोमेनियसच्या निकषाने पाहिले तर हे पाप केवळ क्रूरतेचे नाही. ज्या दृष्टीने आईच्या मांडीला पहिली शाळा मानले, मातृभाषेला पहिले माध्यम मानले, तिच्याच नावाने मुलांची मांडी आणि भाषा दोन्ही हिरावली गेली. म्हणजे येथे सिद्धान्त अपुरा पडला नाही. सिद्धान्ताशी द्रोह झाला.

महाराष्ट्रातील कसोटी

हाच प्रश्न निराळ्या परिस्थितीत महाराष्ट्रातही उभा राहिला होता. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. या मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी मुंबईत आणि पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शिक्षणासाठी आपले आयुष्य वेचले. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८४१ पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले. फॅरारबाईंची अहमदनगरची शाळा पाहिल्यावर १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. विशेष असे, की जोतीरावांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. शाळेकडून त्यांनी समतेचा विचार घेतला आणि पुढचा मार्ग स्वतः निवडला. शिक्षणाचे फळ शाळेच्या मालकीचे नसते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत शिकणाऱ्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली आणि अनेक पालकांनी मुले शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतरानंतर मिशनऱ्यांकडे राहिलेला त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचा वाद न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर वादंग माजले. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली. मिशन, वडील, न्यायालय, जात, सर्वांनी त्या मुलावर हक्क सांगितला वा नाकारला. 'मूल कोणाचे' हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच विचारला गेला असेल.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा पेच अधिक गुंतागुंतीचा होतो. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि त्या धर्तीवर मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत आणि येऊ इच्छिणाऱ्या मुलींना दार बंद करीत नसत. यावरून १८९३ मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या.

उघडे दार म्हणजे स्वातंत्र्य की ओढ? या प्रश्नाचे एकेरी उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्यावर माया करणाऱ्या, आपल्याला आश्रय देणाऱ्या बाईंच्या प्रार्थनेस जाणाऱ्या मुलीची इच्छा पूर्णतः तिची होती काय, हा संशय रास्त आहे. पण त्याच मुलीला केशवपनाच्या आणि कोंडलेल्या जिण्याच्या घरी परत नेणाऱ्या पालकांनी तरी तिची इच्छा विचारली होती काय, हा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुलींना केडगावला आणले. ज्या मुलीला विचारण्यासाठी पालकच उरलेले नाहीत, तिच्या वतीने संमती कोणी द्यावयाची? ठेव ठेवणारा नाहीसा झाला, म्हणजे विश्वस्ताची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते.

आजच्या अध्यापकासाठी अर्थ

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने या वादातून एक शहाणपणाचा मार्ग काढला आहे. राज्याने मान्यता दिलेल्या वा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीविना, धर्मशिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. कायद्याने किमान मर्यादा आखून दिली. परंतु विश्वस्तवृत्ती कायद्याने निर्माण होत नाही.

ती वृत्ती कशी ओळखावी? वरील विवेचनातून तीन कसोट्या मांडता येतात. पहिली, कोणाला वगळले जाते? कोमेनियसच्या शाळेत मागे पडणाऱ्याला अधिक वेळ मिळतो. निकालाची टक्केवारी राखण्यासाठी कच्च्या विद्यार्थ्याला बाहेरून परीक्षेस बसण्याचा सल्ला देणारी संस्था, तिचे नाव कोणत्याही संताचे वा देवाचे असो, या कसोटीस उतरत नाही. दुसरी, मुलाची भाषा आणि घर यांना वर्गात मान आहे काय? तिसरी आणि सर्वांत कठीण, शिकून झाल्यावर मूल आपल्यापेक्षा वेगळे निघाले, तर ते आपल्याला सोसते काय? जोतीरावांसारखा विद्यार्थी घडणे हे मिशन शाळेचे अपयश नव्हे. तिच्या उत्तम अंशाचे ते यश होय.

या कसोट्या केवळ ख्रिस्ती संस्थांना लागू नाहीत. आज मुलावर हक्क सांगणारे वाढले आहेत. पालकांना त्याच्यात आपली अपुरी स्वप्ने दिसतात, शिकवणीवर्गांना जाहिरातीतील छायाचित्र दिसते, राजकीय पक्षांना उद्याचा अनुयायी दिसतो. श्रद्धा असो वा नसो, मूल यांपैकी कोणाचेही नाही, हे विधान आपल्या सर्वांना आवश्यक आहे.

समारोप

बालशिक्षणाविषयीच्या ख्रिस्ती दृष्टीने जगाला चित्रमय पुस्तक, मातृभाषेची शाळा, बालोद्यान आणि वात्सल्याची शिस्त दिली. तिच्याच नावाने मुलांची घरेही उद्ध्वस्त झाली. हे दोन्ही एकाच वाक्यातून घडले : मूल देवाचे आहे. त्या वाक्याचा उत्तरार्ध जेथे स्मरणात राहिला, म्हणजे 'म्हणून ते माझे नाही' हे जेथे मानले गेले, तेथे शाळा मुलांची झाली. जेथे तो विसरला गेला, तेथे शाळा कोंडवाडा झाली. उद्या वर्गात कोमेनियसचे सूत्र फळ्यावर लिहिताना आपण अध्यापकांनी हा उत्तरार्धही विद्यार्थी-शिक्षकांपुढे ठेवावा. पद्धती त्यांना पुस्तकातून मिळेल. ठेव जपण्याची वृत्ती मात्र त्यांना आपल्याच वागण्यातून पाहावयास मिळाली पाहिजे.